ओव्याचे तेल कोणाच्या गोत्रातले?

काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ मागितले तर दुकानदार फूल देत नाही, पांढऱ्या स्फटिकांची उग्र वासाची पुडी देतो. हे थायमॉल. ओव्याच्या दाण्यांतून वाफेच्या साहाय्याने तेल काढले, तर दाण्यांच्या वजनाच्या साधारण 2 ते 4 टक्के तेल मिळते आणि त्यातला एक-तृतीयांश ते निम्म्याहून अधिक भाग थायमॉलचा असतो. तेल थंड केले की ते स्फटिकरूपाने वेगळे होते. एकटे थायमॉल वितळायला 50 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. पण कापूर आणि पुदिन्याचे फूल यांच्यासोबत ते बाटलीत घातले, तर तिन्ही घन पदार्थ थोड्याच वेळात आपोआप पातळ होतात. प्रत्येक जण दुसऱ्याची स्फटिकरचना बिघडवतो, त्यामुळे मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. अमृतधारेचे मर्म एवढेच आहे, आणि 1901 मध्ये लाहोरहून या नावाने जे औषध बाजारात आले ते पुढे घरोघरच्या फडताळात जाऊन बसले. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जात असे आणि तिथल्या कारखान्यांत त्याचे थायमॉल होत असे. युद्धाने ती वाट बंद पडली, तेव्हा इकडे थायमॉल काढण्याच्या उद्योगाला चालना मिळाली. जर्मनांना ओवा कशासाठी हवा होता? फोडणीसाठी नक्कीच नव्हे. त्यांना जंतुनाशक हवे होते.

ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा, तुळस, निलगिरी यांच्या उडनशील तेलांनी जंतू मरतात हे निर्विवाद आहे. त्याला ‘पाश्चात्त्य विज्ञानाने आता कुठे मान्यता दिली’ असे जे म्हटले जाते, तेही खरे नाही. पाश्चरचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी 1887 मध्येच अशा तेलांची वाफ अँथ्रॅक्सच्या जंतूंवर सोडून पाहिली होती आणि परिणाम नोंदवले होते. वाद आहे तो पुढच्या उडीबद्दल. काचेच्या ताटलीत जंतू मेले, म्हणून हे तेल ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ ठरते, ते पोटात घेतले की शरीरातला संसर्ग बरा होतो आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरचे उत्तर आजीच्या बटव्यात आधीपासूनच होते, ही ती उडी. माझ्या मते तिथे गोत्रच चुकते. ओव्याच्या तेलाची सोयरीक पेनिसिलिनशी नाही, फिनॉलशी आहे, आणि एकदा हे ध्यानात घेतले की ते कुठे चालते आणि कुठे का चालत नाही, या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच कारणाने होतो.

फिनॉल म्हणजे कार्बोलिक आम्ल. जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्ये ते जखमांवर आणि शस्त्रक्रियेत वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेनंतर जखम सडून मरणाऱ्यांची संख्या घटली. पण कार्बोलिक कातडीला पोळते आणि अंगात भिनले तर विषारी ठरते. थायमॉलही रसायनाच्या हिशेबाने फिनॉलच आहे. त्याच षट्कोनी कड्याला कार्बनच्या दोन शाखा जोडलेल्या, इतकाच फरक. या शाखांमुळे ते पाण्यात कमी आणि स्निग्ध पदार्थात जास्त विरघळते, जंतूंवर कार्बोलिकपेक्षा कितीतरी तेज पडते आणि त्वचेला त्या मानाने कमी जाचते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पट्ट्यांमध्ये, मलमांमध्ये आणि गुळण्यांच्या पाण्यात थायमॉल आले ते याच गुणामुळे. 1879 मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या लिस्टरिनमध्ये ते पहिल्यापासून आहे आणि त्या द्रावणाला नाव लिस्टर यांचेच मिळाले.

आता ते मारते कसे? जीवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुपदरी पडदा असतो. या पडद्याच्या आत आणि बाहेर हायड्रोजन व पोटॅशियमच्या आयनांचे प्रमाण वेगवेगळे राखले जाते, आणि त्या फरकावरच पेशीची ऊर्जा चालते. थायमॉलचा रेणू सुताराने फळीत मारलेल्या पाचरीसारखा या पडद्यात घुसतो. पडदा सैल पडतो, पोटॅशियम बाहेर झिरपते, आतबाहेरचा फरक मोडतो आणि पेशीची ऊर्जाच आटते. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2002 मध्ये थायमॉलचा जुळा भाऊ कारव्हॅक्रॉल घेऊन हे बारकाईने दाखवले (आपल्या अंगणातल्या पानओव्याच्या तेलात हा असतो, पानओवा आणि ओवा या वनस्पती मात्र अगदी वेगळ्या कुळांतल्या). त्यांनी शेजारी सायमीन हा पदार्थही तपासला. रचना जवळजवळ तीच, फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी गायब. सायमीन पडद्यात शिरते, त्याला फुगवते, पण जंतूला मारण्याच्या कामी फारसे येत नाही. म्हणजे घाव घालण्यात त्या एका जोडीचा, फिनॉलपणाच्या त्या खुणेचा, मोठा वाटा आहे. ज्या जंतूंना या पडद्याबाहेर आणखी एक आवरण असते त्यांच्यापैकी काही अधिक चिवट ठरतात. दवाखान्यातल्या ओलसर जागांत सापडणारा स्युडोमोनास तर बहुतेक तेलांना दाद देत नाही, कारण त्याचे बाहेरचे आवरण घट्ट आहे आणि आत शिरलेले रेणू बाहेर उपसून टाकणारे पंपही त्याच्याकडे आहेत.

इथेच गोत्राचा प्रश्न येतो. पेनिसिलिन जंतूच्या पेशीभित्तीचे बांधकाम थांबवते, आणि माणसाच्या पेशीला अशी भित्तीच नसते. म्हणून जंतूला मारणारी मात्रा माणसाला सहज सोसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख ज्या नेमक्या वेधाच्या औषधाचे स्वप्न पाहत होते, त्याचा अर्थ हाच होता. थायमॉलचे लक्ष्य मात्र स्निग्ध पडदा आहे, आणि स्निग्ध पडदा आपल्या प्रत्येक पेशीला आहे. जंतूच्या आणि आपल्या पडद्यांत फरक आहेत, पण भित्ती असणे आणि नसणे इतका मोठा नाही. जे शस्त्र बुरशी, जीवाणू, कृमी, माइट अशा सगळ्यांवर चालते, ते आपल्यावरही काही प्रमाणात चालणारच. त्याची व्याप्ती हा जो गुण म्हणून मिरवला जातो, तीच पोटातल्या वापराला आडवी येते.

‘पण प्रयोगशाळेत हे तेल अँटिबायोटिकइतकेच प्रभावी ठरले’ अशी वाक्ये बातम्यांत नेहमी दिसतात. बहुतेकदा त्यामागची चाचणी अशी असते: ताटलीत जंतूंचा थर पसरायचा, तेलात भिजवलेली कागदाची चकती त्यावर ठेवायची आणि भोवती जंतू न वाढलेले वर्तुळ किती मोठे पडले ते मोजायचे. दुसऱ्या चकतीवर अँटिबायोटिक असते. वर्तुळे सारखी आली की मथळा तयार. यात गफलत ही की अँटिबायोटिकच्या चकतीवर काही मायक्रोग्रॅम औषध असते आणि तेलाच्या चकतीवर कित्येक मिलिग्रॅम तेल, म्हणजे हजारपट माल. शिवाय तेल त्या पाणीदार थरात नीट पसरत नाही आणि त्यातले काही हवेत उडून जाते, त्यामुळे वर्तुळाच्या आकारावरून ताकद ठरत नाही. याहून बरी रीत म्हणजे जंतूंची वाढ रोखणारे कमीत कमी प्रमाण काढणे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1999 मध्ये 52 वनस्पतिज तेले आणि अर्क दहा सूक्ष्मजीवांवर याच पद्धतीने तपासले. गवती चहा, ओरेगानो आणि बे या तीन तेलांनी दहाही सूक्ष्मजीव 2 टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात रोखले. सगळ्यांत कमी प्रमाण निघाले 0.03 टक्के, ते थाइमच्या तेलाचे, ई. कोलाय आणि कँडिडा यांच्यावर. थाइमच्या तेलाचा मुख्य घटक सहसा थायमॉलच. हा उत्तम निकाल आहे. पण 0.03 टक्के म्हणजे दर मिलिलिटरमागे सुमारे 270 मायक्रोग्रॅम, आणि साध्या, औषधाला दबणाऱ्या ई. कोलायला रोखायला सिप्रोफ्लॉक्सॅसिन लागते ते 0.02 मायक्रोग्रॅमच्या आसपास. तफावत दहा हजार पटींहून जास्त.

यावर कोणी म्हणेल, प्रमाण जास्त लागत असेल तर जास्त घेऊ. निरुपद्रवी पदार्थ असेल तर बिघडले कुठे? आक्षेप रास्त आहे. पदार्थ किती लागतो यापेक्षा, जेवढा लागतो तेवढा रक्तात पोचतो का आणि पोचला तर सोसतो का, हे महत्त्वाचे. याचे मोजमाप झालेले आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना थाइमच्या अर्काची गोळी दिली, तीत 1.08 मिलिग्रॅम थायमॉल होते. रक्तात मोकळे थायमॉल सापडलेच नाही. आतडे आणि यकृत त्याला सल्फेटची गाठ मारून टाकतात. या बांधलेल्या रूपाचे कमाल प्रमाण दर मिलिलिटरमागे 93 नॅनोग्रॅमच्या आसपास होते आणि पुढे ते लघवीवाटे गेले. ई. कोलायला रोखायला लागणारे 270 मायक्रोग्रॅम याच्या जवळजवळ तीन हजारपट आहेत. म्हणजे यकृताने काहीही न करता सगळे थायमॉल मोकळे सोडले असते, रक्तातल्या प्रथिनांनीही ते अडवून ठेवले नसते, तरी एका मात्रेत तीन ग्रॅमहून अधिक थायमॉल गिळावे लागले असते. हा ढोबळ त्रैराशिकाचा आकडा आहे, पण लक्षात ठेवण्याजोगा; कारण माणसांनी खरोखरच एवढे थायमॉल गिळल्याचा इतिहास आहे.

तो इतिहास अंकुशकृमीचा. हा कृमी लहान आतड्याला चिकटून रक्त शोषतो आणि माणसाला पांढराफटक, धाप लागणारा, कामाला न उठणारा करून सोडतो. 1880 च्या सुमारास इटलीतले डॉक्टर कामिल्लो बोत्झोलो यांनी त्यावर थायमॉल वापरायला सुरुवात केली आणि ते लागू पडले. 1909 मध्ये रॉकफेलरांच्या देणगीतून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम निघाली, तिचे मुख्य औषध थायमॉलच होते. प्रौढाची मात्रा सुमारे 4 ग्रॅमपर्यंत जाई. आदल्या रात्री जुलाबाचे मीठ देऊन आतडे मोकळे करायचे, सकाळी उपाशीपोटी दोन हप्त्यांत थायमॉल द्यायचे आणि मग पुन्हा जुलाब. सक्त ताकीद अशी की त्या दिवशी तेल, तूप, लोणी, दूध, दारू यांतले काही पोटात जाता कामा नये. कारण सरळ होते: थायमॉल स्निग्ध पदार्थात आणि दारूत विरघळले की आतड्यातून रक्तात जाते, आणि रक्तात गेले की विषबाधा. ही ताकीद मोडल्याने, काही वेळा न मोडताही, माणसे दगावली. पुढे थायमॉलची जागा चाकवताच्या गोतातल्या एका अमेरिकी वनस्पतीच्या तेलाने घेतली. तेही उडनशील तेलच आणि तेही विषारी. आज अल्बेंडाझोलची एक गोळी ते काम करते, आणि शाळेत रांगेने उभ्या राहिलेल्या पोरांना ती देताना कोणी त्यांच्या डब्यातल्या तुपाची चौकशी करत नाही.

थायमॉल पोटातही काम करते, याचा हा सज्जड पुरावा आहे. मी त्याला बगल देत नाही. उलट माझ्या म्हणण्याला याहून चांगला आधार दुसरा नाही. आतड्याची पोकळी ही शरीराच्या मधून गेलेली बाहेरचीच जागा. थायमॉल तिथे होते तोवर कृमीवर तुटून पडले आणि माणूस वाचला. भिंत ओलांडून आत गेले तेव्हा माणसावर उलटले. सगळा उपचार त्या भिंतीवर पहारा ठेवण्याचा होता. अंकुशकृमी पोकळीत राहतो म्हणून हे जमले. न्यूमोनिया फुप्फुसाच्या आत असतो, टायफॉइडचा जंतू रक्तात आणि पेशींत शिरतो, मूत्रपिंडाचा संसर्ग मूत्रपिंडात. तिथे पोचण्याची वाट रक्तातूनच जाते. 2006 पासून युरोपीय संघाने जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्यावर बंदी घातली, तेव्हापासून कोंबड्यांच्या खाद्यात थायमॉल आणि कारव्हॅक्रॉल घालण्याकडे कल वाढला आहे. तोही आतड्याच्या पोकळीतलाच वापर.

दुसरा आक्षेप परंपरेचा, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा. शेकडो वर्षे लोक ओवा खात आले, त्यांना काय गुण येत नव्हता? येत होता, पण कशाचा ते पाहावे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात यवानी, म्हणजे ओवा, येते ती प्रामुख्याने दीपन, पाचन म्हणून, पोटातला वात आणि शूळ कमी करणारी म्हणून, आणि कृमिनाशक म्हणूनही. पोट दुखले की ओवा-मीठ चावून खाणे, बाळंतिणीला ओव्याची धुरी, सर्दीत तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगणे: हे सगळे उपयोग पोटाच्या पोकळीचे, कातडीचे आणि नाकाचे आहेत. परंपरा या बाबतीत आजच्या बाटलीवरल्या लेबलापेक्षा जास्त संयमी होती. शिवाय मात्रेचा हिशेब मांडून पाहावा. दोन ग्रॅम ओव्यात तीन टक्के तेल आणि त्यात निम्मे थायमॉल धरले, तर थायमॉल भरते 30 मिलिग्रॅम. तेल मात्र एका मिलिलिटरमध्ये साधारण 30 ग्रॅम ओव्याचा ऐवज घेऊन येते. चिमूटभर दाण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावरून चमचाभर तेलाच्या निर्धोकपणाची हमी काढता येत नाही. लवंगेच्या तेलाचे दोन-तीन चमचे पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कापराने मुलांना झटके येतात म्हणून अमेरिकेत 1980 च्या दशकात लावायच्या औषधांतले त्याचे प्रमाण 11 टक्क्यांवर रोखण्यात आले. लवंगही घरातली आणि कापूर तर देव्हाऱ्यातला.

तिसरा आक्षेप ऐकायला शास्त्रीय वाटतो: तेलात अनेक घटक असतात, ते एकदम अनेक ठिकाणी मारा करतात, म्हणून जंतूंना त्याविरुद्ध प्रतिकार कमावता येत नाही. पडद्यावरच घाला पडत असल्याने पूर्ण प्रतिकार कठीण जातो, इथवर ठीक. पण 1997 मध्ये बोस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पाइन तेल असलेल्या फरशी-जंतुनाशकाला तग धरणारे ई. कोलाय प्रयोगशाळेत निवडून काढले. त्या जंतूंनी आपले उपसा-पंप जोरात चालू केले होते, आणि त्याच पंपांच्या जोरावर ते टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, क्लोरँफेनिकॉल यांनाही काही अंशी पुरून उरू लागले. प्रतिकार सौम्य होता, दवाखान्यात हाहाकार माजवेल असा नव्हे. तरी आपल्याकडचे पांढरे फिनाईल याच पाइन तेलावर बनते हे ध्यानात घेतले, तर ‘वनस्पतीचे आहे, प्रतिकार येणारच नाही’ हे म्हणणे किती ठिसूळ आहे ते कळते.

मग ही तेले निकामी का? मुळीच नाही, फिनॉलच्या गोत्राला जी कामे शोभतात तिथे ती चोख आहेत. तोंड हे त्यातले उत्तम ठिकाण. थायमॉल, मेंथॉल, निलगिरीतले सिनिओल आणि मिथिल सॅलिसिलेट यांच्या गुळण्यांनी दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. थराच्या बाबतीत क्लोरहेक्सिडिन सरस, पण त्याने दात डागाळतात. लवंगेतले युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्य दाताची तात्पुरती भरणी करत आले आहेत. कातडीवर ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री तेलाचा अभ्यास झाला: 1990 मध्ये मुरमांच्या 124 रुग्णांवर 5 टक्के तेल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना केली, दोन्हींनी मुरमे घटली, तेलाने सावकाश. 2004 मध्ये मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस अंगावर बाळगणाऱ्या 224 रुग्णांवर चाचणी झाली. नाकातून त्याचा नायनाट करण्यात म्युपिरोसिन मलम 78 टक्के यशस्वी ठरले आणि टी ट्रीचे मलम 47 टक्के, पण कातडीच्या पृष्ठभागावर तेलाची बाजू वरचढ राहिली. नाकात हुंगण्याच्या बाबतीत मात्र थोडा भ्रमनिरास करावा लागतो. मेंथॉलने श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते, पण मोजले तर हवेला होणारा अडथळा तेवढाच असतो. नाकातल्या थंडाव्याच्या संवेदकांना ते चाळवते, एवढेच. आराम खरा, पण त्याने सर्दीचा विषाणू जागचा हलत नाही.

या तेलांचा सगळ्यांत नेमका वापर मात्र माणसावर नव्हे, मधमाश्यांच्या पेटीत होतो. व्हॅरोआ नावाचा माइट मधमाशीच्या अंगाला चिकटून तिला पोखरतो, आणि जगभरच्या युरोपीय मधमाश्यांच्या वसाहती त्याने उद्ध्वस्त केल्या आहेत. पेटीत थायमॉलची जेल ठेवतात, वाफ हळूहळू पसरते आणि माइट मरतात. माइट आणि माशी दोघेही संधिपाद, म्हणजे जवळचेच. तरी एकाला मारणाऱ्या आणि दुसऱ्याला सोसणाऱ्या मात्रेतले अंतर इथे मोजून, तपासून ठरवलेले आहे. 15 अंशांखाली वाफ पुरेशी होत नाही म्हणून थंडीत उपचार फुकट जातो. कडक उन्हात ती इतकी होते की माश्या पेटीबाहेर येऊन लटकतात. आणि मधाचा हंगाम चालू असताना ही जेल ठेवायची नाही, नाहीतर मधाला ओव्याचा वास लागतो.